जंगल वरून मोजताना

आज २१ मार्च, आंतरराष्ट्रीय वन दिन. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१२ च्या डिसेंबरात तसा ठराव केला आणि पुढच्या वर्षापासून हा दिवस पाळला जाऊ लागला. आपल्याकडे, निदान विदर्भात आणि सातपुड्यात, या दिवशी जंगल अंगावरची पाने उतरवून बसलेले असते. साग उघडा, सालई उघडी, धावडाही झडलेला. रंग म्हणावा तर पळसाचा, आणि मोहाखाली पहाटेपासून टोपल्या घेऊन वेचणीला आलेली घरेच्या घरे. आजच्या तारखेला एखाद्या उपग्रहाने मेळघाटाचे चित्र टिपले, तर कागदोपत्री दाट असलेले कितीतरी जंगल त्यात विरळ निघेल. म्हणूनच डेहराडूनचे भारतीय वन सर्वेक्षण आपल्या द्वैवार्षिक अहवालासाठी प्रामुख्याने ऑक्टोबर ते डिसेंबरमधली चित्रे वापरते. पाऊस सरलेला असतो, आकाश निवळलेले असते आणि पाने अजून झाडावर असतात.

चित्र यंत्र टिपते हे खरे. पण ते कोणत्या महिन्यातले घ्यायचे, त्यात कशाला जंगल म्हणायचे, कशाला पडीक म्हणायचे आणि तयार झालेला नकाशा कोणाच्या हाती द्यायचा, हे माणसे ठरवतात. आज ठिकठिकाणी जी भाषणे होतील त्यांत वनाच्छादनाची टक्केवारी येईल. ती कशी ठरते, हे बहुधा येणार नाही.

वरून पाहण्याच्या या शास्त्राची, म्हणजे सुदूर संवेदनाची, आपल्याकडची सुरुवात मोठी देखणी आहे. १९७० च्या सुमारास प्रा. पी. आर. पिशारोटी यांनी केरळात कायमकुळम परिसरातल्या नारळबागांवरून हेलिकॉप्टर फिरवले आणि इन्फ्रारेड फिल्मवर छायाचित्रे घेतली. नारळाला मूळकुजीसारखा रोग लागला होता आणि तो जमिनीवरून दिसेपर्यंत उशीर झालेला असे. निरोगी पान डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड म्हणजे अवरक्त प्रकाश भरपूर परतवते, आजारी पान कमी परतवते. फिल्मवर तो फरक उमटला. आजही उपग्रहाच्या नेहमीच्या रंगीत चित्रात जंगल लालभडक दिसते, ते याच कारणाने. जितके लाल तितके पान ताजे आणि दाट. डेहराडूनला १९६६ पासून हवाई छायाचित्रे वाचण्याचे शिक्षण देणारी संस्था होतीच. त्याआधी, १९२४ मध्ये, इंग्रजांनी ब्रह्मदेशातल्या इरावतीच्या त्रिभुज प्रदेशातली जंगले विमानातून टिपली होती, अर्थात लाकडाच्या हिशेबासाठी. पिशारोटींनी हीच दृष्टी झाडाच्या प्रकृतीकडे वळवली.

मग आला तो धक्का. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेने अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांवरून दोन काळांची तुलना केली. १९७२ ते ७५ मध्ये देशाच्या १६.८९ टक्के भूभागावर जंगल होते. १९८० ते ८२ मध्ये ते १४.१० टक्के उरले होते. वनखात्याच्या दफ्तरात तर देशाचा पाचवा हिस्सा वन म्हणून नोंदलेला होता. दफ्तरातली जमीन आणि जमिनीवरचे झाड यांची फारकत झाली आहे, हे पहिल्यांदाच कोणीतरी वरून पाहून, कोणाची परवानगी न घेता सांगत होते. वनखात्याला ते पटले नाही. वाद झाले, पद्धतींची तुलना झाली, आकडे जुळवले गेले. १९८७ मध्ये भारतीय वन सर्वेक्षणाचा पहिला अहवाल निघाला, त्यात वनाच्छादन १९ टक्क्यांच्या पुढे गेलेले होते. पुढच्याच वर्षी, १७ मार्च १९८८ रोजी, भारताचा प्रत्यक्ष वापरासाठीचा पहिला सुदूर संवेदन उपग्रह आयआरएस-१ए बैकानूरहून सुटला आणि परक्याच्या चित्रांवरचे अवलंबन संपत गेले. त्या सुरुवातीच्या धक्क्यात एक प्रामाणिकपणा होता. तो पुढे आकड्यांच्या चढत्या भाजणीत कुठेतरी हरवला, असे आमचे मत आहे.

ताजा प्रसिद्ध अहवाल २०२३ चा. तो डिसेंबर २०२४ मध्ये बाहेर आला आणि त्याने देशाचे वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, म्हणजे २१.७६ टक्के असल्याचे सांगितले. आता हे वनाच्छादन म्हणजे काय, ते पाहू. एक हेक्टर किंवा त्याहून मोठा तुकडा, आणि त्याच्या दहा टक्क्यांहून अधिक भागावर झाडांच्या माथ्यांची सावली. बस्स. जमीन कोणाची, झाड कोणते, लावलेले की उगवलेले, याची चौकशी नाही. आंब्याची बाग, काजूची लागवड, रबर, नारळ, बांबू, निलगिरी सगळे यात बसते. २०२३ मध्ये एका इंग्रजी दैनिकाने तपासून दाखवले की दिल्लीतले मंत्र्यांचे बंगले आणि रिझर्व्ह बँकेच्या इमारतीचा परिसरही या नकाशात वन म्हणून रंगवलेला आहे. मंत्रीमहोदय वनवासात आहेत हे त्यांना तोवर माहीत नसावे.

ही चूक नाही, हे लक्षात घ्यायला हवे. सर्वेक्षण आपली व्याख्या अहवालात उघड छापते. गफलत होते ती तो आकडा वाचताना. रत्नागिरी जिल्ह्याचा निम्म्याच्या आसपास भाग वनाच्छादित म्हणून येतो. प्रत्यक्षात सरकारी वन म्हणावे असे तिथे अगदीच थोडे आहे. जे आहे ते खाजगी रान, देवराया आणि बागा. कोकणातल्या शेतकऱ्याने दहा-वीस वर्षांनी तोडायची म्हणून राखलेली किंजळ-ऐनाची रायवळ झाडी गेली, तिथे जेसीबीने डोंगर उघडा करून काजू लावला आणि काजूने सावली धरली की नकाशा पुन्हा हिरवा. सावंतवाडी-दोडामार्गच्या पट्ट्यात रबराने नेमके हेच केले आहे. मध्ये काय गेले? वाघाची वाट गेली, शेकरूची घरटी गेली, पावसाळ्यात झिरपणारे पाणी गेले. सर्वेक्षणाच्या चित्रातल्या २३.५ मीटर लांबी-रुंदीच्या एका ठिपक्यात यातले काहीच येत नाही. घराच्या कौलांवरून घरात माणसे किती आणि त्यांचे आपसांत कसे चालले आहे हे सांगावे, तसे हे आहे.

शिवाय अहवाल बोलतो ते निव्वळ बदलाचे. एकीकडे गेले, दुसरीकडे आले, वजाबाकी करा, उत्तर वाढ. ब्राझीलचे उदाहरण इथे उपयोगी आहे. तिथली अंतराळ संशोधन संस्था इन्पे १९८८ पासून ॲमेझॉनची तोड मोजते. तिचा नियम कडक आहे: मूळ जंगल एकदा तुटले की ते कायमचे तुटलेल्यांत जमा. नंतर तिथे काही उगवले तरी ते आधीच्या तोडीतून वजा होत नाही. २००४ मध्ये एका वर्षात २७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक तोड या पद्धतीने समोर आली. त्याच सुमारास तोडीचा इशारा थोड्या दिवसांत देणारी दुसरी यंत्रणा सुरू झाली, पोलिसी कारवाया त्या इशाऱ्यांवर आखल्या गेल्या, आणि २०१२ पर्यंत वर्षाची तोड साडेचार हजारांच्या आसपास उतरली. पुढे सरकार बदलले, तोड वाढली, संस्थेने तीही सांगितली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये संस्थेचे संचालक रिकार्दो गाल्व्हाओ यांना पद सोडावे लागले. पण आकडे सार्वजनिक असल्यामुळे ते झाकता आले नाहीत. जगभरचे संशोधक तेच नकाशे उतरवून घेऊन मोजत होते.

आपल्याकडे हे कठीण आहे. अहवाल सर्वांसाठी खुला, जिल्हावार तक्ते खुले. पण ते ज्या नकाशावरून काढले तो मूळ डिजिटल स्वरूपात ज्याला हवा त्याला सहज उतरवून घेता येत नाही. त्यामुळे कोणत्या डोंगराचे जंगल गेले आणि कोणती बाग त्याच्या जागी भरपाई म्हणून मोजली गेली, हे बाहेरच्या कोणाला ताडून पाहता येत नाही. याच अहवालात पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राबद्दल सांगितलेली गोष्ट पाहा: दहा वर्षांत एकूण घट अवघी ५८ चौरस किलोमीटर. म्हणजे काहीच नाही म्हणा. पण त्याच्या पोटात शिरले तर अतिदाट वन ३,४०० चौरस किलोमीटरहून अधिक वाढलेले, आणि मध्यम व विरळ मिळून त्याहून थोडे अधिक घटलेले. एवढे अतिदाट जंगल दशकभरात कुठे आले? विरळचे मध्यम आणि मध्यमचे दाट झाले असेल, बागा भरल्या असतील, वर्गवारी सुधारली असेल. नकाशा हाती असता तर घाटमाथ्यावरचा कोणीही शाळामास्तर दोन रविवारांत आपल्या तालुक्यापुरते उत्तर शोधून आणू शकला असता.

सावली मोजणाऱ्या नजरेचा दुसरा बळी म्हणजे आपली माळराने. सावली नाही म्हणजे जंगल नाही. पीक नाही म्हणजे शेत नाही. मग उरते काय, तर पडीक. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले, पुढे उपग्रहचित्रांवरून पडीक जमिनींचे नकाशासंग्रह निघत गेले, आणि त्यांत झुडपी व गवताळ जमिनी मोठ्या प्रमाणावर येऊन पडल्या. बारामती, इंदापूर, सोलापूर, नगर इथल्या माळांवर लांडगा, चिंकारा, खोकड, धाविक आहे. धनगरांचे वाडे शतकानुशतके याच माळांवरून कोकणात उतरतात आणि परत चढतात. नान्नजचा माळढोक याच गवताचा रहिवासी. १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य केले, आणि आज तो तिथे जवळजवळ दिसत नाही. पडीक हा शिक्का बसलेल्या जमिनीवर मग चढाओढ लागते: वृक्षारोपणाची, सौर प्रकल्पांची, औद्योगिक वसाहतींची. २०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडला, तेव्हा माळावरही खड्डे पडले. गवताच्या देशात खड्डा खणून ग्लिरिसिडिया लावणे हे संवर्धन कसे, असा प्रश्न तेव्हा विचारणारे थोडे होते.

आणि हा माळ कोणी जंगल तोडून केलेला नाही. अलीकडे संशोधकांनी तेराव्या शतकापासूनची मराठी गाणी, संतचरित्रे, आख्यायिका चाळून त्यांतल्या झाडाझुडपांचे उल्लेख एकत्र केले. त्यांत आले ते हिवर, तरवड यांसारखे कोरड्या माळावरचे सोबती. साडेसातशे वर्षांपूर्वीही हा प्रदेश असाच होता, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पन्नास वर्षांच्या उपग्रहचित्रांना जे सांगता येत नाही ते जात्यावरच्या आणि देवळातल्या शब्दांनी सांगितले. नकाशा करणाऱ्यांनी याची दखल घेऊन गवताळ प्रदेशाला स्वतःचा रंग, स्वतःचा रकाना द्यावा. तंत्राला ते अवघड नाही. वर्षभराची चित्रे एकापुढे एक ठेवली तर पावसात उसळून दिवाळीनंतर पिवळे पडणारे गवत खडकाळ उजाड जमिनीपासून वेगळे ओळखू येते.

विदर्भातली गोष्ट याच्या उलट टोकाची. तिथे जमीन वरून काहीही दिसो, कागद तिला सोडत नाही. मध्य प्रांताच्या काळापासून महसुली दफ्तरात 'झुडपी जंगल' म्हणून लिहिलेल्या जमिनींवर आज शाळा आहेत, दवाखाने आहेत, स्मशाने आहेत, सरकारी कचेऱ्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन आदेशाने जंगलाची व्याप्ती रुंदावली आणि या जमिनी अडकून पडल्या. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतली ही सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन वनच समजायची, १९९६ पूर्वी रीतसर वाटप झालेल्यांचे नियमन केंद्राच्या मंजुरीने करायचे, त्यानंतरच्या वाटपांचा जाब द्यायचा. जुनी घरे वाचली आणि मोकळे तुकडे परस्पर जाण्याचे थांबले, म्हणून निकाल समतोल म्हणावा लागेल. मात्र यापुढे तलाठ्याच्या नोंदीला वरच्या चित्राची जोड लागणार आहे. कोणत्या गटात १९९६ ला काय उभे होते, हे सातबारा सांगू शकत नाही. त्या वर्षाच्या आगेमागे टिपलेली आयआरएस मालिकेची चित्रे पुष्कळसे सांगू शकतात.

हीच चित्रे माणसाच्या विरोधात कशी जातात, हेही आपण पाहिले आहे. वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ ही तारीख ठरवली. त्या दिवशी जो वनजमीन कसत होता त्याचा हक्क. गुजरातेत हजारो आदिवासींचे दावे, २००५ च्या चित्रात शेत दिसत नाही, या कारणावरून फेटाळले गेले. डोंगरउतारावरचे एकरभराचे शेत, त्यात मोहाची चार आणि आंब्याची दोन झाडे राखलेली. आदिवासी ती तोडत नाही, कारण मोह पोटाला लागतो. एक एकर म्हणजे २३.५ मीटरच्या चित्राचे सात ठिपके. सातांतल्या चारांवर झाडाची सावली पडली की शेत नाही, जंगल. राखलेले झाडच राखणाऱ्याच्या विरुद्ध साक्षीला उभे! २०१२ मध्ये केंद्राने नियम सुधारून स्पष्ट केले की उपग्रहचित्र हा इतर पुराव्यांना पूरक पुरावा आहे, त्यांची जागा ते घेऊ शकत नाही. २०१३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने फेटाळलेले दावे पुन्हा तपासायला लावले. तरी मोह सुटत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना काढण्याचा आदेश दिला, पंधरवड्यात तो स्थगितही केला. त्याच आदेशात भारतीय वन सर्वेक्षणाला उपग्रहाने अतिक्रमणे दाखवण्यास सांगितले होते. अतिक्रमण हा हक्काचा प्रश्न आहे. आकाशातून झोपडी दिसते, तिच्यात किती पिढ्या नांदल्या ते दिसत नाही.

गुजरातेतच या गोष्टीचा दुसरा अंक घडला. नर्मदा जिल्ह्यातल्या गावकऱ्यांनी आणि त्यांच्यासोबतच्या कार्यकर्त्यांनी हातात जीपीएस घेतले, शेताच्या बांधावरून चालून हद्दी टिपल्या आणि त्या २००५ च्या अधिक स्पष्ट चित्रांवर बसवल्या. ज्या चित्राने दावे बुडवले त्याच जातीच्या चित्राने ते तारले. फरक एवढाच की यावेळी चित्र वाचणारा शेताचा धनी होता आणि त्याला ठाऊक होते की मधला काळा ठिपका म्हणजे आजोबांनी राखलेला मोह.

महाराष्ट्रात या कामाला गडचिरोलीहून चांगली जागा नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये १,८०० हेक्टरांहून थोड्या अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यानंतर जिल्ह्यातल्या हजाराहून अधिक गावांना तो मिळत गेला. बांबू आणि तेंदूचा लिलाव ग्रामसभा करतात, जंगलाचा आराखडा त्यांनीच करायचा आहे. त्यांच्याकडे आपल्या जंगलाचा नकाशा कोणता? पुष्कळदा वनखात्याच्या कक्षनकाशाची फिकट झेरॉक्स. नागपूरला राज्याचे सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ पासून आहे, गावनकाशांचे अंकीकरण राज्यात बरेच झाले आहे. गावाच्या हद्दीत गेल्या तीस वर्षांत जंगल कुठे दाटले, कुठे विरळले, वणवा दरवर्षी कोणत्या नाल्यापासून चढतो, हे प्रत्येक ग्रामसभेला मराठीत आणि गोंडीत समजावून देता येईल. वणव्याच्या बाबतीत तर हे निम्मे घडतेच आहे. उपग्रहाला उष्ण ठिपका दिसला की काही तासांत वनरक्षकाच्या मोबाइलवर संदेश पडतो. तो ग्रामसभेच्या अध्यक्षाच्या मोबाइलवर पडायला काय हरकत आहे? आग विझवायला बहुतेकदा गावच धावते.

नकाशा शेवटी दाखवला की काय होते, याचा धडा पश्चिम घाटाने दिला आहे. गाडगीळ समितीने २०११ मध्ये नऊ किलोमीटरचे चौकोन पाडून संवेदनशीलता ठरवली होती आणि तो आराखडा ग्रामसभांपुढे चर्चेला न्या, असे म्हटले होते. २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीने चौकोन मोडले आणि उपग्रहचित्रांवरून सुमारे ६० हजार चौरस किलोमीटर क्षेत्र काढले. समितीचे प्रमुख इस्रोचे माजी अध्यक्ष. नकाशा जास्त बारीक, जास्त काटेकोर झाला यात शंका नाही. पण ज्या गावाचा पाचवा हिस्सा त्यात आला ते अख्खे गाव यादीत गेले, आणि गावाला ही बातमी राजपत्रातून आली. घरावर पत्रा घालायलाही बंदी येणार, अशा अफवा पसरल्या, त्यांना खाणवाल्यांनी वारा घातला. मसुदा अधिसूचना निघत राहिल्या; सहावी निघाली ३१ जुलै २०२४ ला, वायनाडच्या डोंगराने शेकडो माणसे गाडल्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दरडीचा मलबा सुमारे आठ किलोमीटर वाहत गेल्याचे चित्र हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने तातडीने दिले. इतकी तत्परता आणि इतका काटेकोरपणा असताना महाराष्ट्रातल्या १७ हजार चौरस किलोमीटरचा निर्णय दशकभर मसुद्यातच आहे. माळीण, तळिये, इर्शाळवाडी इथल्या दरडी त्याच काळात कोसळून गेल्या.

३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून निसार गेला. इस्रो आणि नासाचा हा रडार उपग्रह ढगांतून पाहतो. म्हणजे पावसाळ्याचे जे चार महिने आपल्या वननकाशातून कायम गायब असत ते यापुढे असतील. त्याच्या दोन तरंगांपैकी लांब तरंग पानांच्या आत शिरून खोड आणि फांद्यांना भिडतो, त्यामुळे सावलीच्या पलीकडे लाकडाच्या वस्तुमानाचा अंदाज येतो; दर बारा दिवसांनी तीच जागा पुन्हा. जुने जंगल आणि काजूची बाग यांत फरक करण्याचे साधन यातून मिळू शकते. त्याची चित्रे सर्वांना विनामूल्य देण्याचे धोरण आहे, हे आणखी चांगले. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची दहा मीटरची चित्रे आणि लँडसॅटचा सगळा साठा तर आधीपासूनच फुकट आहे. परक्यांची चित्रे घरबसल्या मिळतात आणि आपल्या वनांचा आपणच केलेला नकाशा मिळत नाही, ही स्थिती केंद्रीय वनमंत्रालयाने एका आदेशाने बदलावी. त्या नकाशात नैसर्गिक वन, लागवड आणि बाग यांचे रंग वेगळे असावेत, गवताळ माळाला रकाना असावा, आणि गेलेले जंगल व नव्याने धरलेली सावली हे दोन आकडे वजाबाकी न करता शेजारी शेजारी छापावेत. राज्यापुरते सांगायचे तर नागपूरच्या केंद्राने एक तालुका, समजा धानोराच, घ्यावा. मे महिन्यात तेंदूचा हंगाम सुरू होईल आणि पाने गोळा करण्याच्या फळ्या लागतील. पावसाआधी ग्रामसभा बसतात. त्या बैठकांत त्यांच्या गावाचा नकाशा जमिनीवर अंथरावा आणि चुका त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घ्याव्यात.